तांबड्या थराच्या वर

ज्या दिवशी गितेभाऊंनी मोबाइलवर जमिनीखालचं पाणी दाखवलं, त्या दिवसापासून उगले सिस्टरांनी ठमीला न्हाऊ घालायला यायचं बंद केलं.

तोवर रोज सकाळी सिस्टर उतार चढून वरच्या प्लॉटावर यायच्या, पदर खोचून पाय पसरून बसायच्या आणि सात महिन्यांच्या ठमीला पायांवर पालथी घालून अशी चोळायच्या, की पोरगी आधी भोकाड पसरायची आणि मग तिथल्या तिथे पेंगायची. हयातभर सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केलेला हात होता तो. शर्वरीला सासू नव्हती, आई लांब लातूरला. बाळाची मान कशी धरायची, ताप किती चढला की घाबरायचं आणि किती चढला तरी घाबरायचं नाही, हे सगळं तिला सिस्टरांनी शिकवलं होतं. शिकवताना भरपूर ऐकवलंही होतं. "मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय काढतेस ना गं? लोकांच्या मेंदूत बघतेस, आणि स्वतःच्या पोरीची ढेकर काढता येत नाही?"

आता त्या येत नव्हत्या. पण त्यांच्या बोअरवरून कुंपण ओलांडून आलेला पाण्याचा पाइप त्यांनी काढला नव्हता. रोज वेळेवर पाणी सोडायच्या आणि तोंड फिरवून आत जायच्या. शर्वरीला तेच जास्त लागलं. पाणी तोडलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

हे सगळं 'कान' आल्यामुळे झालं.

त्या यंत्राचं कंपनीनं ठेवलेलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. बोअरवाल्यांनी त्याला कान म्हटलं, आणि तेच राहिलं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. त्यांचं केंद्रक म्हणजे इवलासा भोवरा, आणि तो भोवरा चुंबकही असतो. पृथ्वीच्या चुंबकत्वात हे भोवरे एका दिशेला कललेले असतात. जमिनीवर तारेचं मोठं वेटोळं पसरून त्यातून नेमक्या पट्टीचा विद्युतप्रवाह सोडला, की ते तिरके होतात. प्रवाह बंद केला की डोलत डोलत पुन्हा जागेवर येतात, आणि येताना त्याच पट्टीत कुजबुजतात. दगड कुजबुजत नाही, पाणीच कुजबुजतं. चिकणमातीत अडकलेलं पाणी लगेच गप्प होतं. मोकळ्या भेगांमधलं बराच वेळ गुणगुणत राहतं. प्रवाह वाढवत नेला की खालचे थरही बोलू लागतात. शर्वरी हॉस्पिटलात माणसाला नळीत घालून रोज हेच करायची. इथे चुंबक पृथ्वीचं होतं आणि पेशंट म्हणजे सगळा डोंगर.

हे तत्त्व जुनंच होतं. पण पूर्वी ही कुजबुज विजेच्या तारांच्या गोंगाटात बुडून जायची. मग प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याच्या कपच्यांचे संवेदक आले. चुंबकत्वातली अगदी बारीक थरथरही त्यांना कळायची. आधी ट्रकभर असलेलं यंत्र मोटरसायकलच्या डिकीत मावू लागलं.

सिन्नरच्या बाहेर डोंगरउतारावर पाडलेल्या प्लॉटांमध्ये त्यानं क्रांतीच केली. बोअर कोरडी जायची बंद झाली. तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणारे पाणाडी लग्नाच्या मांडवात करमणुकीपुरते उरले. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी बोअर आटली की माणूस नशिबाला बोल लावायचा. आता जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं ते मोबाइलवर निळ्या रंगात दिसायचं. नशिबाला शेजाऱ्याचं नाव मिळालं.

शर्वरीच्या प्लॉटाखालचा निळा पट्टा उतारानं थेट उगले सिस्टरांच्या बोअरकडे जात होता.

"ताई, नशीब काढलंत," गितेभाऊ म्हणाले होते. बोअरच्या गाड्या ठरवून देणारा हा माणूस, गळ्यात सोन्याची साखळी आणि तोंडात सदानकदा बडीशेप. "दोन पाणी आहेत तुमच्या खाली. एक वर, एक तळात. दोन्ही घेऊ. पोरीच्या लग्नापर्यंत बघायला नको."

"ही सगळ्या थरांची बेरीज आहे," शर्वरी म्हणाली. ठमी तिच्या खांद्यावर अंगठा चोखत होती. "मला बेरीज नको. एकेक थर वेगळा दाखवा."

"वेगळा कुणी बघत नाही."

"मी बघते. रोज लोकांचे मणके बघते."

गितेभाऊंनी कुरकुरत चित्र बदललं. शर्वरी बघत राहिली. हा सगळा मुलूख लाव्ह्याचा, एकावर एक वाहत येऊन थंड झालेल्या थरांचा. दोन लाव्ह्यांच्या मधे बराच काळ गेला, तिथे दगडाची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून विटेसारखी तांबडी केली. हा तांबडा थर पाणी खाली जाऊ देत नाही. त्याच्या वरच्या भेगाळ खडकात पाणी ताटात धरल्यासारखं साचलेलं होतं. तेच सिस्टरांचं पाणी. तांबड्याच्या खाली घट्ट काळा पाषाण, आणि त्याच्याही खाली एक जाळीदार थर, मोठा आणि बहुतेक रिकामा. तालुक्यानं खोल खोल बोअर मारून तो उपसला होता. तळाशी जेमतेम निळी किनार उरली होती.

"केसिंगचा पाइप कुठवर टाकता?" तिनं विचारलं.

"मुरूम संपेपर्यंत. पुढे पाषाण लागतो. पाषाणाला काय कपडे घालायचे?"

"मग तांबडा थर फोडून खाली गेलात, तर वरचं पाणी त्याच भोकातून खालच्या रिकाम्या थरात पडणार. तिथे सिमेंटनं सील करता का?"

"सील?" गितेभाऊंनी बडीशेप चावायची थांबवली. "ते मुरेपर्यंत गाडी उभी करायची? ताई, भर सीझनमध्ये गाडी उभी केली, तर गाडीमालक मलाच केसिंगमध्ये घालील."

"मग तांबड्याच्या वर थांबायचं. एकच पाणी घ्यायचं. शब्द?"

"शब्द," गितेभाऊ म्हणाले, आणि तिच्या नवऱ्याकडे बघून किंचित हसले. ते हसू शर्वरीनं पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

नवरा ऋतुराज कंपनीत स्टोअर सांभाळायचा. घराच्या दोनच खोल्या उभ्या झाल्या होत्या, बाकी विटा, वाळू आणि सिमेंटच्या गोण्या. तरी भाडं वाचावं म्हणून ते राहायला आले होते. बांधकामाच्या पाण्यासाठी टँकरवाल्यांची मनधरणी तोच करायचा. 'साहेब, आज तरी पाठवा ना' म्हणताना त्याचा आवाज कसा बदलतो, ते शर्वरीनं ऐकलं होतं.

"समज, थर फोडला," तो जेवताना म्हणाला. "वरचं पाणी पडणार कुठं? आपल्याच बोअरमध्ये ना? मग ते आपलंच."

"एक उन्हाळा आपलं. मग खाली पसरेल आणि कुणाचंच राहणार नाही. सिस्टरांचंही नाही."

"तोवर नळयोजना येईल."

"ती माझ्या लग्नाआधीपासून येतेय."

तो हसला नाही. "शर्वरी, मला एकदाच असं पाणी हवंय की त्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. टँकरवाल्याच्या नाही आणि सिस्टरांच्याही नाही."

त्याचं चूक आहे असं तिला वाटेना. तिलाही तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ठमीला कडेवर घेऊन ती उतार उतरली. सिस्टर ओट्यावर मेथी निवडत होत्या. शेजारी मोबाइल उभा केलेला. त्यांनी बोअरच्या तोंडाशी छोटा कान कायमचा बसवून घेतला होता, आणि पाण्याच्या पातळीची रेघ दिवसभर समोर चालू असायची.

"ही बघ," त्या मान वर न करता म्हणाल्या. "म्हातारपणी माझ्या बीपीपेक्षा हिचीच काळजी जास्त."

"सिस्टर, मी बोअर घेतेय. पण तांबड्याच्या वर थांबणार."

"म्हणजे माझ्याच ताटात हात घालणार."

"ताट दोघींच्या जमिनीखाली आहे."

"तू बोअर घेऊच नकोस. लागेल तेवढं पाणी माझ्याकडून घे. मी कधी नाही म्हटलं?"

"कधीच नाही. पण ठमीनं मोठं झाल्यावरही कुणाच्या तरी मर्जीचं पाणी प्यायचं? आणि तुमच्यानंतर हे घर तुमचा पुतण्या विकणार. येईल तो देईल पाणी?"

सिस्टरांनी मेथीची काडी मोडली. पुतण्याचं नाव त्यांना आवडलेलं दिसलं नाही. शर्वरी म्हणाली, "दोघींनी एकाच वेळी मोटर चालवायची नाही. तुमची सकाळ, माझी संध्याकाळ. रेघ एका हद्दीखाली गेली की दोघींनी बंद करायची. मी हिशेब मांडलाय, पुरतं."

"हिशेबात पाणी नेहमीच पुरतं." सिस्टर उठल्या. ठमीनं त्यांच्याकडे दोन्ही हात पसरले, तसं त्यांचे हात आपोआप पुढे आले, आणि मग मेथीच्या टोपलीकडे वळले. "नवऱ्याला विचारलंस का? त्याला दोन पाणी हवीत असं गिते सगळीकडे सांगत फिरतोय."

शर्वरीनं घरी येऊन विचारलं. ऋतुराज म्हणाला, "तू म्हणतेस तसंच होईल." तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तो क्वचितच खोटं बोलायचा.

गाडी आली ती सगळी गल्ली हादरवत. मागून कॉम्प्रेसरचा दुसरा ट्रक. सेल्वम नावाचा तमिळ ड्रायव्हर, कपाळाला भस्म, मराठी मोडकी पण आवाज मोठा. त्यानं चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर लावला, ऋतुराजनं नारळ फोडला, आणि गाडीच्या पाइपाला लावलेला हातोडा जमिनीत शिरला. आधी पिवळा मुरूम उडाला. केसिंग उतरलं. मग राखाडी पिठाचे ढग उठले. ठमीच्या कानांवरून टोपरं बांधून शर्वरी आतल्या खोलीत दार लावून बसली.

ती ठमीला पाजत असताना आवाज बदलला. कोरडी खरखर जाऊन खळखळाट आला, आणि बाहेर शिट्ट्या ऐकू आल्या. पाणी लागलं होतं! शर्वरीनं डोळे मिटले आणि ठमीच्या केसांत तोंड खुपसलं. इतका आनंद होईल असं तिला वाटलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, की हातोडा थांबलेला नाही.

ती खिडकीशी आली. बोअरमधून उसळलेला चिखल फाटकाकडे वाहत होता. तो राखाडी होता, पण मधोमध एक धार निराळी होती, गेरू कालवल्यासारखी. ती बघता बघता रुंद झाली. गितेभाऊ हात बांधून उभे होते. ऋतुराज सेल्वमला हातानं खूण करत होता. अजून खाली. अजून.

तिनं हाक मारली. कॉम्प्रेसरपुढे ती तिलाच ऐकू आली नाही. धावत जाऊन कुणाचा हात धरला असता तर बाजूला सारली गेली असती. गाडीपाशी बाईमाणसानं यायचं नाही असं सगळेच म्हणायचे. फक्त एका कामासाठी तिला कुणी अडवणार नव्हतं. पाणी लागलं की घरची बाई बोअरची ओटी भरते. तिनं परातीत खण, तांदूळ, हळदकुंकू घेतलं, वर नारळ ठेवला, ठमीला कडेवर घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि चालू लागली. माणसं वाट देत गेली. ती फिरत्या पाइपापाशी पोचली आणि चिखलात उभी राहिली.

सेल्वमनं बाळ पाहिलं आणि दांडा ओढला. सगळं गप्प झालं. ठमीनं त्या शांततेत एकच उचकी दिली.

"अम्मा, बाजू! थोडा काम बाकी."

"ओटी भरायची आहे."

"ताई," गितेभाऊ लगबगीनं पुढे आले, "ओटी शेवटी भरतात. पाहुणी निघताना भरतात का येताना?"

"निघताना." शर्वरीनं पायाखालच्या तांबड्या चिखलाकडे बोट दाखवलं. "ती निघालीच आहे, गितेभाऊ. खाली निघाली आहे."

मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. "मी म्हणते तसंच होईल म्हणाला होतास."

"आपल्यासाठीच करत होतो गं."

"माहीत आहे. मला विचारून करायचं होतंस. मी इथून हलणार नाही, ऋतू. पोरीला घेऊन संध्याकाळपर्यंत उभी राहीन. मग गाडीमालकाला काय सांगायचं ते गितेभाऊ बघतील."

तेवढ्यात उतारावरून सिस्टर आल्या. चप्पल एकाच पायात, हातात मोबाइल. "रेघ पडतेय माझी!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "कधीपासून पडतेय!" त्यांनी चिखलाचा रंग पाहिला. शर्वरीला वाटलं, आता सगळ्यांचा उद्धार होणार. पण सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला, दवाखान्यातला झाला.

"आरपार गेलंय का?"

"नाही अम्मा," सेल्वम म्हणाला. "लाल चालू. काळा आला नाही."

"कॉम्प्रेसरनं पाणी वर फेकलं म्हणूनही रेघ पडली असेल," गितेभाऊ म्हणाले.

"असेल. तांबड्याला चीर गेली म्हणूनही असेल. बाईला रक्तस्राव होतोय तेव्हा कारणावर चर्चा करत बसत नाहीत, आधी दाबून धरतात. काय आहे दाबायला?"

शर्वरी म्हणाली, "सिमेंट. गाडीच्याच पाइपांतून तळाशी सोडायचं, घट्ट कालवून. म्हणजे वरच्या पाण्यात विरघळणार नाही. तांबड्यात गेलेलं भोक तेवढं भरायचं, वरच्या भेगा मोकळ्या ठेवायच्या."

"गाडी किती वेळ..." गितेभाऊंनी सुरुवात केली.

सिस्टरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "गिते, तुझ्या दोन्ही पोरांची नाळ मी कापलीय."

गितेभाऊंनी सेल्वमला गाडी उभी ठेवायची खूण केली. ऋतुराज अजून तिथेच उभा होता. सिस्टरांचा उघडा पाय त्याच्या बोअरच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतला होता. त्या त्याला एक शब्द बोलल्या नव्हत्या. आजवर कुंपणावरचा पाण्याचा पाइपही त्यांनी काढला नव्हता. तो वळला, विटांच्या मागे गेला आणि पहिली गोणी खांद्यावर घेऊन आला. नंतर दुसरी. सेल्वमनं अंगातला शर्ट काढून ठेवला आणि फावडं धरलं.

काम संपलं तेव्हा ऊन कललं होतं. कॉम्प्रेसरचा ट्रक निघून गेला, गाडी उभी राहिली. सगळे सिस्टरांच्या मोबाइलभोवती जमले. रेघ खाली जात होती. मग ती कमी वेगानं जाऊ लागली. मग आडवी झाली. बराच वेळ आडवीच राहिली, आणि शेवटी केसभर वर उचलली. सेल्वमनं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

सिस्टरांनी मोबाइल कमरेला खोचला आणि ठमीला शर्वरीच्या कडेवरून उचललं. "किती दिवस हिच्या मानेतला मळ काढला नाहीयेस?" त्या म्हणाल्या. "आण पाणी."

पाणी मुबलक मिळालं असं कुणी म्हणणार नाही. सकाळ सिस्टरांची, संध्याकाळ शर्वरीची. ऋतुराजला अजूनही कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं. कधी कधी तो टाकीवर चढून उगाच झाकण उघडून बघतो आणि काही न बोलता उतरतो. उन्हाळ्यात रेघ हद्दीला टेकली तेव्हा दोघी कुंपणापाशी इतक्या भांडल्या, की अख्खी गल्ली गच्चीवर आली. सिस्टर म्हणाल्या, शर्वरीची मोटर दहा मिनिटं जास्त चालली. शर्वरी म्हणाली, सिस्टरांचे कुंड्यांचे लाड जास्त झालेत. मग दोघींनी मोटरी बंद केल्या, आणि आठवडाभर सगळ्यांनी एकेक बादलीत अंघोळ केली. रेघ टिकली.

गणपतीनंतर अगदी वरच्या प्लॉटावर नवीन माणूस आला. पुण्याचा, घाईतला. त्याच्या फाटकाशी बोअरची गाडी वळताना दिसली, तेव्हा शर्वरी ठमीला भात भरवत होती. तिनं पोरीचं तोंड पुसलं, तिला उचललं आणि बाहेर आली. उतारावरून सिस्टर आधीच वर येत होत्या, यावेळी दोन्ही पायांत चप्पल.

"थर फोडणार तो," सिस्टर म्हणाल्या. "गितेनंच सांगितलं. म्हणाला, माझं ऐकत नाही, तुम्ही बघा."

"ऐकेल का आपलं?"

"चित्र दाखवून समजावायचं काम तुझं." सिस्टरांनी तिच्या हातून ठमीला घेतलं आणि चढण चढायला लागल्या. "भांडायचं माझ्यावर सोड."